बारीक गाळ आणि फ्लॉक्युलंट पॉलिमर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्या जोरदार पावसानंतर डिचोली किंवा सांगे तालुक्यातल्या एखाद्या ओहोळाचं लाल पाणी काचेच्या बाटलीत भरा आणि खिडकीत ठेवा. वाळू मिनिटभरात तळाला जाते. लाली मात्र दुसऱ्या दिवशीही तशीच असते, कधी कधी आठवड्यानंतरही. त्या लालीचं काय करायचं, हा खनिज धुणाऱ्या प्रत्येक प्लांटपुढचा प्रश्न आहे. फ्लॉक्युलंट पॉलिमर, म्हणजे बारीक कणांना बांधून त्यांच्या गुठळ्या करणारं लांब साखळीचं रसायन, हे त्याचं एक उत्तर. मी काही वर्षं गोव्यात लोहखनिज धुणाऱ्या प्लांटच्या प्रयोगशाळेत काम केलं. आता महाराष्ट्रात क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, धुणाऱ्या प्लांटवर जाणं-येणं असतं. ऑपरेटर, सुपरवायझर, प्लांटचे मालक आणि खालच्या अंगाला शेती असलेले लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत.

मातीचा कण पाण्यापेक्षा जड असतो. मग तो खाली का बसत नाही?

बसतो, पण आपल्याला थांबायला वेळ नसतो इतक्या सावकाश. कण पाण्यात किती वेगाने खाली जाईल याचं सूत्र जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८५१ साली मांडलं. त्यातली लक्षात ठेवण्याची गोष्ट एकच: वेग कणाच्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतो. व्यास दहापट कमी झाला की वेग शंभरपट कमी होतो.

आकडे घालून पाहू. दगडाची घनता पाण्याच्या साधारण २.६५ पट धरली, तर १०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे बारीक वाळूएवढा कण सेकंदाला सुमारे एक सेंटिमीटर खाली जातो. एक मीटर खोल टाकीत तो दोनेक मिनिटांत तळाला. १० मायक्रॉनच्या कणाला तेवढ्याच अंतराला पावणेतीन तास लागतात. आणि १ मायक्रॉनच्या कणाला साडेअकरा दिवस! तेसुद्धा पाणी अगदी निश्चल असेल तर. उन्हाने टाकीची एक बाजू तापली तरी पाण्यात जे हलके प्रवाह सुरू होतात, ते या कणाला पुन्हा वर ढकलायला पुरेसे असतात. त्याहून बारीक कणांना तर पाण्याचे रेणूच सतत धक्के देत राहतात.

म्हणून "मोठी टाकी बांधू, गाळ आपोआप बसेल" हा हिशेब वाळूला लागू पडतो, चिकणमातीला नाही.

हे कण एकमेकांना धडकतात तेव्हा चिकटून मोठे का होत नाहीत?

कारण प्रत्येक कणावर विद्युतभार असतो आणि बहुतेक वेळा तो एकाच जातीचा, म्हणजे ऋण असतो. चिकणमातीच्या पापुद्र्यांवर तो स्फटिकाच्या घडणीतच असतो. सिलिकावर तो पाण्याशी झालेल्या रासायनिक देवघेवीतून येतो. दोन कण जवळ आले की एकमेकांना दूर लोटतात.

पाण्यात क्षार वाढले की हे लोटणं कमी होतं. याचा सगळ्यात मोठा प्रयोग निसर्ग रोज करतो. नदीचं गोडं गढूळ पाणी खाडीत खाऱ्या पाण्याला भेटतं, तिथे चिकणमातीचे कण एकमेकांना धरायला लागतात आणि गाळ बसतो. खाडीच्या मुखाशी चिखल साठण्यामागचं हे एक मोठं कारण आहे. गोव्यातल्या मांडवी-जुवारीच्या काठी राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

मग तुरटी टाकली तर काम भागणार नाही का?

पिण्याच्या पाण्यासाठी भागतं. नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रात तुरटी किंवा पॉलिअॅल्युमिनियम क्लोराइड वापरतात, ते याच कामासाठी. तुरटीतलं अॅल्युमिनियम कणांचा ऋणभार मारतं. शिवाय स्वतः हायड्रॉक्साइडचा जेलीसारखा कापूस तयार करून खाली जाताना बारीक कणांना ओढून नेतं.

पण नदीच्या पाण्यात लिटरमागे काही ग्रॅमही माती नसते. खनिज धुतलेल्या पाण्यात ती लिटरला ५० ग्रॅम असू शकते. तेवढ्या मातीला पुरेल इतकी तुरटी घातली तर खर्च वाढतो, पाणी आम्लधर्मी होतं आणि खाली बसलेला गाळ फुगलेला, पाणी धरून ठेवणारा असतो. गुठळ्याही लहान आणि नाजूक राहतात.

इथे दोन कामं वेगळी ओळखावीत. तुरटी कणांमधलं भांडण मिटवते. पॉलिमर त्यांना प्रत्यक्ष बांधतं. काही गाळांना दोन्ही लागतात, विशेषतः काळ्या मातीसारख्या फुगणाऱ्या चिकणमातीला. तेव्हा आधी तुरटी किंवा तिच्या जातीचं रसायन, ते नीट मिसळल्यावर पॉलिमर, हा क्रम सहसा ठेवतात. दोन्ही एकाच नळीतून कधीच सोडू नयेत.

हे पॉलिमर म्हणजे नेमकं काय? आणि एवढ्याशा पावडरीने एवढा फरक कसा पडतो?

बहुतेक प्लांटवर ज्याला नुसतं "पॉली" म्हणतात, ते पॉलिअॅक्रिलामाइड असतं. पांढरी, साखरेसारखी दाणेदार पावडर, २५ किलोच्या पिशवीत येते.

त्याचं सगळं सामर्थ्य लांबीत आहे. खनिजांसाठी वापरायच्या चांगल्या पॉलिमरचा रेणुभार दीड कोटीच्या आसपास असतो. साखळीतल्या एका दुव्याचा रेणुभार ७१. म्हणजे एका रेणूत दोन लाखांहून जास्त दुवे. एक दुवा साधारण पाव नॅनोमीटरचा धरला, तर ही साखळी पूर्ण ताणल्यावर पन्नास मायक्रॉनच्या वर जाते. आपल्या केसाच्या जाडीच्या जवळपास पोचणारा एकच रेणू! पाण्यात तो अर्थातच ताणलेला राहत नाही. लोकरीच्या सैल गुंड्यासारखा असतो आणि त्या गुंड्याचा आकार मायक्रॉनपेक्षा कमी भरतो.

आता हा गुंडा एका कणाजवळ आला की साखळीचे काही भाग कणाच्या पृष्ठभागाला चिकटतात. उरलेले फास आणि टोकं पाण्यात मोकळी लोंबत राहतात. शेजारून दुसरा कण गेला की ती टोकं त्यालाही धरतात. एका साखळीवर अनेक कण, एका कणावर अनेक साखळ्या, अशी जाळी विणली जाते. रसायनशास्त्रात याला पूल बांधणं म्हणतात. ही कल्पना १९५० आणि १९६० च्या दशकांतल्या संशोधनातून पक्की झाली. चिकणमातीचे कण भार घालवल्यानेही जवळ येतात, पण मिलिमीटरभराची घट्ट गुठळी होते ती या पुलांमुळे.

गुठळीच्या आत बरंच पाणी अडकलेलं असतं, म्हणून ती तेवढ्याच आकाराच्या खड्यासारखी सरळ खाली जात नाही. तरीही जिथे एकटा कण तासाला काही सेंटिमीटर जात होता, तिथे गुठळी तासाला पाच, दहा, कधी वीस मीटर जाते.

हे समजलं की प्लांटवरच्या निम्म्या अडचणींचं मूळ समजतं. तुम्ही विकत घेता ती लांबी. ती तुटली, किंवा गुंडा उलगडलाच नाही, तर पावडरीचे पैसे पाण्यात गेले.

कणही ऋण आणि आमचं पॉलिमरही अॅनायोनिक, म्हणजे ऋणच. मग चिकटतं कसं?

हा प्रश्न एका डिप्लोमाच्या विद्यार्थ्याने विचारला होता आणि तो अगदी योग्य आहे.

पहिली गोष्ट, साखळीतले सगळे दुवे भारित नसतात. साधारण दहा ते चाळीस टक्के दुव्यांवर ऋणभार असतो, बाकीचे अमाइडचे उदासीन दुवे. ते खनिजाच्या पृष्ठभागाशी हायड्रोजन बंधाने जोडले जातात. असा एक बंध क्षीण असतो, पण हजारो ठिकाणी झाला की साखळी सुटत नाही.

दुसरी गोष्ट, पाण्यातलं कॅल्शियम. त्याच्यावर दोन धनभार असतात. एका बाजूने तो कणाला धरतो, दुसऱ्या बाजूने साखळीच्या ऋण दुव्याला.

तिसरी, सगळा कण सारखा ऋण नसतो. केओलिन मातीच्या पापुद्र्याच्या कडांवर वेगळा भार असतो. लोहखनिजातल्या हेमटाइट आणि गोएथाइटवर तर साध्या पाण्यात भार फारच थोडा उरतो. त्यामुळे गोव्याच्या लाल गाळातला लोहाचा भाग अॅनायोनिक पॉलिमर पटकन धरतो. त्रास देते ती त्याच्यासोबतची चिकणमाती.

साखळीवर ऋणभार ठेवण्याचं कारणही यातच आहे. सारखे भार एकमेकांना लोटतात, त्यामुळे गुंडा पसरतो आणि त्याची पोच वाढते.

मग अॅनायोनिक, नॉनआयोनिक (भार नसलेलं), कॅटायोनिक (धनभारित) यांतलं कोणतं घ्यावं?

ढोबळ मानाने सांगायचं तर दगडधूळ, वाळू, लोहखनिज, म्हणजे उदासीन किंवा अल्कधर्मी पाण्यातली खनिजं, यांना अॅनायोनिक. पाणी आम्लधर्मी असेल तर नॉनआयोनिक. सेंद्रिय गाळाला, म्हणजे सांडपाण्याच्या गाळाला, कॅटायोनिक. कोळसा धुतलेल्या पाण्यात कधी कधी दोन प्रकार एकामागोमाग वापरावे लागतात.

यापलीकडे कागदावर ठरवू नका. तुमच्या गाळावर चाचणी करा.

पावडर पाण्यात घातली की गोळे होतात. द्रावण बनवायची बरोबर पद्धत कोणती?

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून हे जरा सविस्तर.

पावडरीचा ढीग पाण्यात पडला की बाहेरचे दाणे लगेच फुगतात, चिकट कवच होतं आणि आतली पावडर कोरडीच राहते. माशाच्या डोळ्यासारखे दिसणारे हे पारदर्शक गोळे मग तासन्‌तास विरघळत नाहीत. पंपाच्या गाळणीत अडकतात ते वेगळंच.

हजार लिटरच्या टाकीसाठी अडीच किलो पावडर घ्या. हे ०.२५ टक्के द्रावण झालं. आधी टाकीत स्वच्छ पाणी भरा, ढवळणी सुरू करा आणि पाण्यात भोवरा दिसायला लागला की त्याच्या कडेवर पावडर भुरभुरत सोडा. रांगोळी सोडतात तशी चिमटीतून, सूप उलटं केल्यासारखी नाही. सगळी पावडर ओली झाली की ढवळणीचा वेग कमी करा आणि पाऊण ते एक तास तसंच हळू फिरू द्या. गुंडा उलगडायला तेवढा वेळ लागतोच. घाई करून वेग वाढवला तर साखळ्या तुटतात, आणि तुटलेली साखळी पुन्हा जोडता येत नाही.

पाणी शक्यतो गोडं, स्वच्छ घ्या. इथे एक विरोधाभास वाटेल. गाळाच्या पाण्यात कॅल्शियम असणं चांगलं, असं वर म्हटलं. पण द्रावण बनवायच्या पाण्यात क्षार जास्त असले तर साखळी आक्रसते आणि उलगडतच नाही. म्हणून द्रावणाला गोडं पाणी, पुढे गाळाच्या पाण्यात थोडे क्षार असले तर उत्तम. गंजलेल्या लोखंडी टाकीत द्रावण ठेवू नये. विरघळलेलं लोह आणि हवेतला ऑक्सिजन मिळून साखळीचे तुकडे करतात. प्लास्टिकची टाकी बरी.

पंप निवडतानाही हेच तत्त्व. सेंट्रिफ्युगल पंपाचा पंखा साखळ्या कापतो. स्क्रू पंप वापरा.

आणि गाळात सोडण्यापूर्वी द्रावण आणखी दहापट पातळ करा, ०.०२५ टक्क्यांपर्यंत. घट्ट द्रावण मधासारखं असतं. ते गाळात पडलं की जवळच्या कणांना भरपूर मिळतं, लांबच्यांना काहीच नाही. हे एवढं साधं पाऊल बहुतेक ठिकाणी गाळलेलं असतं. माझ्या अनुभवात पॉलिमर बदलण्याआधी पातळ करण्याची सोय केली, तर अनेकदा पॉलिमर बदलावंच लागत नाही.

घट्ट द्रावण एक-दोन दिवसांत संपवा. पातळ केलेलं त्याच पाळीत वापरा.

डोस किती लागतो? हिशेब कसा करायचा?

डोस कोरड्या मालाच्या, म्हणजे पाण्यातल्या घन कणांच्या, टनामागे ग्रॅममध्ये मोजतात. पाण्याच्या लिटरवर नाही, कारण पॉलिमर चिकटतं ते मालाला. खनिजांसाठी टनाला १० ते ५० ग्रॅम ही नेहमीची पट्टी. चिकणमाती जास्त असेल तर शंभराच्या वरही जावं लागतं.

समजा तुमच्या वाळू धुण्याच्या प्लांटमधून ताशी १०० घनमीटर गढूळ पाणी येतं आणि त्यात वजनाने ५ टक्के माल आहे. म्हणजे ताशी साधारण ५.२ टन कोरडा माल. टनाला २० ग्रॅम धरले तर ताशी १०४ ग्रॅम पावडर. ०.२५ टक्के द्रावणाच्या एका लिटरमध्ये अडीच ग्रॅम पावडर असते, म्हणून ताशी सुमारे ४२ लिटर द्रावण. पुढे दहापट पातळ केल्यावर ४२० लिटर.

पाच टन मातीला मूठभर पावडर पुरते.

गाळ लवकर बसावा म्हणून डोस दुप्पट केला. उलट बिघडलं. असं का?

पूल बांधायला दुसऱ्या काठावर जागा मोकळी हवी. कणाचा साधारण अर्धा पृष्ठभाग साखळ्यांनी झाकला असताना गुठळ्या सगळ्यात चांगल्या होतात. पूर्ण झाकला गेला की लोंबणाऱ्या टोकांना चिकटायला जागाच उरत नाही. दोन झाकलेले कण एकमेकांवरून घसरून जातात. पाणी पुन्हा गढूळ.

त्याआधीची पायरीही त्रासदायक असते. थोडा जास्त डोस झाला की गुठळ्या मोठ्या दिसतात, बघायला छान वाटतात, पण आत खूप पाणी धरतात. थिकनरच्या, म्हणजे गाळ दाट करणाऱ्या गोल टाकीच्या, तळाचा गाळ रबरासारखा चिकट होतो, तो ओढणाऱ्या रेकवर ताण येतो, गाळ दाबून पाणी काढणाऱ्या फिल्टर प्रेसचं कापड बुजतं. उरलेलं पॉलिमर परतीच्या पाण्यातून पुन्हा प्लांटभर फिरतं.

गुठळ्या किती मोठ्या आहेत यावर डोस ठरवू नका. वरचं पाणी किती निवळ आणि खालचा गाळ किती घट्ट, हे दोन्ही एकत्र पाहा.

प्लांटवरच साधी चाचणी कशी करावी?

एक लिटरचं उंच मोजपात्र, एक सिरिंज, मोबाईलमधलं घड्याळ. एवढं पुरतं.

थिकनरमध्ये जाणारं ताजं गढूळ पाणी मोजपात्रात एक लिटर भरा. कालचं साठवलेलं नको, कारण माती पाण्यात भिजत राहिली की तिचं वागणं बदलतं. पाच टक्के माल असेल तर त्यात सुमारे ५२ ग्रॅम माती आहे. ०.०२५ टक्के द्रावणाचे ४ मिलिलिटर म्हणजे टनाला २० ग्रॅम डोस. तो एकदम न घालता दोन-तीन भागांत घाला. प्रत्येक वेळी तोंडावर तळहात धरून पात्र हळू उलटं-सुलटं करा, जोरात हलवू नका. मग खाली ठेवा.

निवळ पाणी आणि गाळ यांच्यामधली रेषा स्पष्ट दिसते. ती दहा सेंटिमीटर खाली यायला किती सेकंद लागले ते लिहा. ३० सेकंद लागले तर वेग तासाला १२ मीटर. हेच ५, १०, २०, ३०, ४० ग्रॅमच्या डोसला करा. प्रत्येक पात्रामागे काळ्या अक्षरांचा छापील कागद धरा आणि वरच्या पाण्यातून अक्षरं किती नीट वाचता येतात ते बघा. अर्ध्या तासाने तळाच्या गाळाची उंची नोंदवा.

ही वही रोज लिहिणाऱ्या प्लांटवर पॉलिमरचा विक्रेता मनाला येईल तो डोस सांगू शकत नाही.

काल व्यवस्थित चालत होतं. आज तोच डोस, तीच पिशवी, आणि पाणी निवळत नाही. काय बघायचं?

आधी माती बघा. दगडखाणीत बेसाल्टचा टणक थर संपून कुजलेला, मुरुमासारखा थर लागला की चिकणमाती एकदम वाढते. दख्खनच्या बेसाल्टपासून बनणारी ही चिकणमाती मुख्यतः मॉन्टमोरिलोनाइटच्या कुळातली, काळी माती ज्यामुळे भेगाळते तीच. ती पाण्यात फुगते, पापुद्रा-पापुद्रा सुटते आणि तिचा पृष्ठभाग अवाढव्य असतो. तेवढ्याच वजनाला कितीतरी जास्त पॉलिमर लागतं. अशा वेळी नुसता डोस वाढवण्यापेक्षा आधी थोडं जिप्सम किंवा कॅल्शियम क्लोराइड घालून बघा. कॅल्शियम मिळालं की तिचं फुगणं आवरतं. गोवा-कोकणाकडच्या जांभ्याच्या प्रदेशात चिकणमाती मुख्यतः केओलिनची, ती फुगत नाही, पण फार बारीक असते.

मग माल किती दाट आहे ते बघा. पाणी फार दाट असलं तर पॉलिमर सगळीकडे पोचतच नाही. पाच ते दहा टक्क्यांच्या दरम्यान गुठळ्या सगळ्यात मोकळेपणी होतात. त्याहून दाट असेल तर थिकनरचंच निवळ पाणी परत आत घेऊन पातळ करा.

पावसाळ्यात दोन्ही गोष्टी एकदम होतात. पावसाचं पाणी येऊन क्षार कमी होतात आणि ओढ्यातून जास्तीची चिकणमाती येते. जूनमध्ये मेचा डोस चालत नाही, यात ऑपरेटरची चूक नसते.

याशिवाय द्रावण जुनं झालं का, कोणी सोयीसाठी सेंट्रिफ्युगल पंप लावला का, डोसचा पाइप पाण्याच्या ऐन खळाळात सोडला आहे का, हे पाहा. एका प्लांटवर दोन महिने पॉलिमरला दोष दिला जात होता. डोसचा पाइप गढूळ पाण्याच्या पंपाच्या आधी जोडलेला होता. गुठळ्या तयार होत होत्या आणि पुढच्याच क्षणी पंपात फुटत होत्या. पाइप पंपाच्या पुढे नेल्यावर त्याच पिशवीतल्या पावडरीने काम केलं.

थिकनर घ्यायला एवढा खर्च करायचा, त्यापेक्षा मोठा खड्डा खणला तर?

अखंड चालणारा थिकनर जॉन डॉर या अमेरिकन अभियंत्याने १९०५ च्या सुमाराला आणला. गोल टाकी, मध्ये पाणी येतं, कडेवरून निवळ पाणी वाहून जातं, तळाचा गाळ हळू फिरणारे रेक मध्यभागी ओढतात. पॉलिमर नसेल तर याला प्रचंड जागा लागते. ५ मायक्रॉनचा कण तासाला जेमतेम नऊ सेंटिमीटर बसतो. ताशी १०० घनमीटर पाण्यातून त्याला खाली बसवायचं तर सुमारे ११०० चौरस मीटर क्षेत्र, म्हणजे ३७ मीटर व्यासाची टाकी हवी. पॉलिमरने वेग तासाला ५ मीटर झाला की ५ मीटर व्यासाच्या टाकीत भागतं.

आणि पाणी परत मिळतं. ५ टक्के मालाचं पाणी ५० टक्क्यांपर्यंत दाट केलं तर एका टन मालामागच्या १९ टन पाण्यापैकी १८ टन पुन्हा वापरता येतं. मराठवाड्यात किंवा माणदेशात हा आकडा सोन्यासारखा आहे.

खड्ड्यात, म्हणजे टेलिंग पाँडमध्ये गाळ सोडून दिला तर बिघडतं काय? पूर्वी तर तेच करायचे.

पूर्वी तेच करायचे आणि त्याची किंमत कोणी मोजली ते गोव्यात शेतात उभं राहून दिसतं. खाणपट्टा डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांतला. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस. बांधावरून एकदा जरी पाणी ओसंडलं तरी लाल बारीक गाळ ओहोळात, तिथून भातशेतीत आणि नदीत. असा गाळ शेतात वाळला की त्याची टणक पापडी होते. पाणी मुरत नाही, रोपाला मूळ धरता येत नाही. ज्याच्या शेतात ती पापडी येते, त्याचा खाणीच्या नफ्यात काही वाटा नसतो. हे मी विसरू शकत नाही आणि या विषयात काम करणाऱ्या कोणीही विसरू नये, असं मला मनापासून वाटतं.

२०१२ साली गोव्यातलं खाणकाम थांबलं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेत परवानगी दिली, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये नूतनीकरण झालेले खाणींचे ८८ भाडेपट्टे रद्द केले. खाण थांबते, पण साठलेला ओला गाळ थांबल्या जागी बसून राहतो. त्याच्यावर प्रत्येक पावसाळा कोसळतोच.

बांध फुटला तर काय होतं हे ब्राझीलमध्ये दिसलं. ५ नोव्हेंबर २०१५ रोजी मारियानाजवळचा फुंदाओ बांध फुटला, १९ माणसं गेली. २५ जानेवारी २०१९ रोजी ब्रुमाजिन्योचा बांध फुटला, २७० माणसं गेली. दोन्ही बांध लोहखनिजाच्या गाळाचे होते. ओला, न निचरलेला गाळ हादरा किंवा ताण मिळाला की पाण्यासारखा वाहतो. पॉलिमरने दाट करून, पुढे फिल्टर प्रेसमधून काढून, ट्रकमधून नेता येईल असा केक केला तर पाण्याचं ते तळंच मागे राहत नाही. फिल्टर प्रेस महाग आहे. तरीही तो खर्च मालाच्या किमतीत धरायला हवा असं माझं ठाम मत आहे.

क्रश सँड धुवायचीच कशाला? न धुता चालणार नाही?

आयएस ३८३ : २०१६ या भारतीय मानकानुसार दगड फोडून केलेल्या वाळूत ७५ मायक्रॉनपेक्षा बारीक भाग १५ टक्क्यांपर्यंत चालतो. नैसर्गिक वाळूत मात्र ३ टक्केच. शुद्ध दगडाची भुकटी काँक्रीटला फारशी मारक नाही. मारक असते ती चिकणमाती. खाणीचा दगड स्वच्छ असेल तर कोरडं वर्गीकरण करून पाणी पूर्ण वाचवता येतं. त्याचा विचार आधी करा.

गोव्याच्या गाळात लोह असतं. ते परत काढता येतं का?

येतं, आणि पॉलिमरच्या जगातला हा मला सगळ्यात सुंदर वाटणारा भाग आहे. आतापर्यंत आपण सगळे कण एकत्र खाली बसवत होतो. पण साखळी अशी निवडली की ती फक्त लोहाच्या कणांना चिकटेल, तर लोह खाली बसतं आणि सिलिका वरच्या पाण्याबरोबर निघून जाते. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या टिल्डन खाणीत १९७० च्या दशकापासून हे मोठ्या प्रमाणावर केलं गेलं. तिथे साखळी म्हणून वापरला तो शिजवलेला मक्याचा स्टार्च. आधी पाणी अल्कधर्मी करून सगळे कण एकमेकांपासून पूर्ण सुटे करतात, मग स्टार्च घालतात. स्टार्च हेमटाइटला धरतो, सिलिकाला नाही.

गोव्याच्या गाळात केओलिन आणि गोएथाइट एकमेकांत फार बारीक मिसळलेले असतात, त्यामुळे इथे ते तितकं सोपं नाही. म्हणून गाळाचे नमुने तपासल्याशिवाय कोणी टक्केवारीची आश्वासनं दिली तर जपून राहा.

हे पॉलिमर विषारी आहे का? आमच्या विहिरीत गेलं तर?

दोन पदार्थ वेगळे ओळखायला हवेत. अॅक्रिलामाइड हा एकटा दुवा मज्जासंस्थेला घातक आहे आणि माणसात बहुधा कर्करोगकारक अशा वर्गात धरला जातो. पॉलिअॅक्रिलामाइड ही त्याची साखळी तशी नाही. इतका मोठा रेणू शरीरात शोषला जात नाही. काळजी असते ती साखळी बनवताना न जोडल्या गेलेल्या, मागे राहिलेल्या दुव्यांची. पिण्याच्या पाण्यात अॅक्रिलामाइडसाठी जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्य लिटरला ०.५ मायक्रोग्रॅम आहे. म्हणून विक्रेत्याकडून उरलेल्या अॅक्रिलामाइडचं प्रमाण लेखी घ्या. ते ०.१ टक्क्याच्या खाली असायला हवं, आणि पिण्याच्या पाण्यासाठीचा माल त्याहूनही शुद्ध असतो. औद्योगिक मालाची पिशवी पिण्याच्या पाण्याला वापरू नका.

माशांच्या दृष्टीने कॅटायोनिक प्रकार जास्त धोक्याचा, कारण तो कल्ल्यांना चिकटतो. ओढ्याला लागून असलेल्या प्लांटवर अॅनायोनिकने काम होत असेल तर कॅटायोनिककडे जाऊ नये. शेतजमिनीबद्दल विचाराल तर अमेरिकेत आयडाहोसारख्या भागात सरीतून माती वाहून जाऊ नये म्हणून अॅनायोनिक पॉलिअॅक्रिलामाइड सिंचनाच्या पाण्यात थोड्या प्रमाणात मुद्दाम मिसळतात. तरी एक लक्षात ठेवा, ही साखळी निसर्गात सावकाश मोडते. गरजेपेक्षा एक ग्रॅमही जास्त सोडायचं कारण नाही.

आजी गढूळ पाण्यात निवळीचं बी उगाळायची. ते हेच तत्त्व का?

हो, बरंचसं हेच. निवळीचं बी, संस्कृतात कतक, मातीच्या भांड्याला आतून घासून पाणी निवळायची रीत फार जुनी आहे. त्या बियांमध्ये लांब साखळ्यांच्या शर्करा आणि प्रथिनं असतात, ती कणांना धरतात. शेवग्याच्या बियांतली प्रथिनं धनभारित असतात, त्यामुळे ती तुरटीसारखंही काम करतात. घागरभर पाण्याला हे उत्तम आहे. ताशी पाच टन गाळाला पुरवण्याएवढं बी मिळणार नाही, आणि बियांतला बाकीचा सेंद्रिय भाग पाण्यात राहून ते लवकर नासतं.

पॉलिमरचं द्रावण जमिनीवर सांडलं. पाण्याने धुऊन काढू का?

नका. पाणी पडलं की ते आणखी पसरतं आणि फरशी शेवाळ्यापेक्षा निसरडी होते. पाय घसरून हाड मोडल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. आधी त्यावर कोरडी वाळू, दगडाची भुकटी किंवा लाकडाचा भुसा टाका, शोषून घेऊ द्या, फावड्याने खरवडून काढा. उरलेल्या थरावर जाडं मीठ भुरभुरा, क्षाराने साखळ्या आक्रसतात आणि बुळबुळीतपणा कमी होतो. पाणी सगळ्यात शेवटी. कोरडी पावडर सांडली असेल तर झाडूनच गोळा करा, आणि टाकीजवळच्या जिन्याच्या पायऱ्या रोज पाळी बदलताना हाताने चाचपून बघा. तिथेच ती नकळत साठते.